पाच पानांसाठी डेटाबेस कशाला?

जव्हारमध्ये छोटंसं लॉज चालवणाऱ्या ओळखीच्या एका चाचांचा मागच्या पावसाळ्यात फोन आला. "बेटा, आपली साइट उघडली की जुगाराच्या जाहिराती येतायत. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

साइट पाहिली. एकूण पाच पानं. खोल्या, जेवण, दाभोसा धबधबा, यायचा रस्ता आणि फोन नंबर. एवढ्याशा मजकुराखाली वर्डप्रेस, मायएसक्यूएल डेटाबेस आणि सतरा प्लगइन. बनवणाऱ्याने तीन वर्षांपूर्वी पैसे घेतले, त्यानंतर एकही अपडेट झालेला नव्हता. पासवर्ड कुणाकडे आहे हे चाचांना माहीत नव्हतं. होस्टिंगचं बिल मात्र ते दरवर्षी न चुकता भरत होते.

दोष वर्डप्रेसचा नाही. २००३ पासून त्यावर लाखो साइट चालल्यात. पण डेटाबेसवरच्या साइटमध्ये पान तयार ठेवलेलं नसतं. कुणी आलं की पीएचपी डेटाबेसला विचारतं, तुकडे जुळवतं आणि मग पान पाठवतं. म्हणजे छापील मेन्यूकार्ड हातात देण्याऐवजी वेटरने प्रत्येक टेबलासाठी कार्ड नव्याने लिहून काढायचं. पदार्थ रोज बदलत असतील तर ठीक आहे. चाचांकडे वर्षातून दोनदा दर बदलतात. शिवाय ही सगळी यंत्रणा अपडेट मागत राहते आणि ते मिळाले नाहीत की चोरांना दार उघडं.

स्टॅटिक साइटमध्ये पान आधीच बनलेलं असतं, सर्व्हर फक्त उचलून देतो. लॉगिन नाही, प्लगइन नाही, फोडायला फारसं काही नाही. मी चाचांची साइट तशी केली आणि क्लाउडफ्लेअर पेजेसवर ठेवली. तिथे एवढ्या साइटला पैसे पडत नाहीत, खर्च उरला फक्त डोमेनचा. (गिटहब पेजेसही मोफत आहे, पण ऑनलाइन धंदा चालवायला ते वापरू नका असं त्यांच्या नियमांतच लिहिलंय. पोरं ते वाचत नाहीत.)

आपल्या भागात याहून मोठा मुद्दा नेटवर्कचा आहे. मोखाड्याच्या घाटात रेंज पडून वेग शंभर केबीपीएसवर आला, तर तीन एमबीचं पान उघडायला चार मिनिटं लागतात. शंभर केबीचं पान आठ सेकंदांत येतं. पर्यटक गाडीत बसून खोली शोधत असतो, तो चार मिनिटं थांबत नाही. स्टॅटिक साइटही जड फोटो टाकून बिघडवता येते म्हणा, तेव्हा फोटो लहान करूनच टाका.

आणि आधार कार्ड! जुन्या साइटवर बुकिंगचा फॉर्म होता. त्यातून आलेली पाहुण्यांची नावं, नंबर आणि ओळखपत्रांचे फोटो त्याच सर्व्हरवर पडून होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे आणि दंडाची वरची मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लॉजवाल्याला तेवढा दंड होईल असं मी म्हणत नाही. पण जी माहिती तुमच्याकडे नाहीच, ती चोरीला जात नाही. आता फॉर्मच्या जागी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दर बदलायचा तर चाचा स्वतः कसा बदलणार? वर्डप्रेसमध्ये निदान एक चौकट असते, तिथे टाइप करता येतं. खरं आहे. पण मी पाहिलेल्या बहुतेक दुकानदारांनी ती चौकट कधी उघडलेलीच नाही, तेव्हाही ते कुणालातरी फोनच करत होते.

डेटाबेस लागतो तेव्हा लागतोच. मोखाड्यातला एखादा बचत गट नागली, वरई, वारली चित्रं असा चाळीस-पन्नास वस्तूंचा माल ऑनलाइन विकायला लागला, शिल्लक साठा दिवसातून चार वेळा बदलू लागला, तर फाइलींवर भागणार नाही. तेव्हाही स्वतः सर्व्हर थाटण्यापेक्षा तयार दुकान-सेवा भाड्याने घेतलेली बरी.

मग आपण प्रत्येकाला डेटाबेस का विकतो? इंजिनिअरिंग, बीसीए केलेली आपली पोरं पहिलं काम घेतात ते मामूचं नाहीतर खालूचं. डॅशबोर्ड दाखवला की काम मोठं वाटतं, वर देखभालीचे पैसे दरवर्षी मागता येतात. तेविसाव्या वर्षी मीही खालूंच्या टायरच्या दुकानाला लॉगिन-पान करून दिलं होतं. त्यातून आजवर फक्त मीच लॉगिन झालोय.

चाचांचं डोमेन आता त्यांच्याच नावावर, त्यांच्याच ईमेलवर आहे. पासवर्ड गल्ल्यातल्या वहीत लिहिलाय. उरुसाच्या आधी नवे दर टाकायचेत, ते कसे टाकायचे हे त्यांचा अकरावीतला भाचा शिकतोय.