मैत्री हे औषध, पण दारू हे त्याचं अनुपान नव्हे

‘दारू बंद करा’ असं डॉक्टरांनी सांगितलं, की पुष्कळदा दारूबरोबर मित्रही सुटतात. पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषांमध्ये हे फार दिसतं. सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघते, रक्तदाब वाढलेला असतो, साखर सीमारेषेवर असते. रुग्ण शहाण्यासारखा ऐकतो आणि शनिवारची बैठक सोडतो. पण वीस वर्षांचा ग्रुप भेटायचा तो फक्त त्या बैठकीतच. मग फोन कमी होतात, क्रिकेटच्या मॅचला बोलावणं येत नाही, संध्याकाळ टीव्हीसमोर जाते. काही महिन्यांनी यकृताचे रिपोर्ट सुधारतात, पण माणूस चिडचिडा झालेला असतो, झोप गेलेली असते आणि चालणंही बंद पडलेलं असतं.

उलट बाजूचे लोकही असतात. ‘मित्रांसोबत बसलं की टेन्शन जातं, डॉक्टर. तुम्हीच म्हणता ना, टेन्शन वाईट?’ असं म्हणून ते दर आठवड्याच्या चार पेगना औषधाचा दर्जा देऊन टाकतात.

माझ्या मते दोघांचाही एकच घोटाळा होतो. मैत्री आणि दारू या दोन वस्तू त्यांनी एकाच पुडीत बांधल्या आहेत. ती पुडी सोडवून दोन्ही वेगवेगळ्या पाहिल्या, तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे स्पष्ट होतं.

मित्र खरंच औषध आहेत का?

आहेत, आणि हे केवळ भावनेपोटी म्हणत नाही. 2010 साली ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी 148 अभ्यासांची एकत्रित छाननी केली. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसं होती. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे 50 टक्क्यांनी जास्त आढळली. हार्वर्ड विद्यापीठाचा 1938 पासून चालू असलेला दीर्घकालीन अभ्यासही हेच सांगतो, की म्हातारपणी कोण निरोगी आणि समाधानी राहील याच्याशी नात्यांच्या उबेचा जवळचा संबंध असतो. जागतिक आरोग्य संघटनेने तर 2023 मध्ये सामाजिक संबंधांवर स्वतंत्र आयोगच नेमला.

यामागे शरीराचं गणित आहे. एकटेपणा लांबला, की शरीर सतत सावध अवस्थेत राहतं. ताणाची संप्रेरकं चढी राहतात, झोप उथळ होते, रक्तदाबावर परिणाम होतो. शिवाय मित्र असलेल्या माणसाला ‘अरे, तुझा चेहरा उतरलाय, दाखव कुणाला तरी’ असं सांगणारं कोणीतरी असतं. त्या एका वाक्याने किती हृदयविकार वेळेवर सापडतात, हे कोणताही जुना फॅमिली डॉक्टर सांगेल.

गुण बैठकीचा की बाटलीचा?

बारची बाजू मांडणारा अभ्यासही आहे आणि तो लपवण्याचं कारण नाही. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबर यांनी ब्रिटनमधल्या पबवर 2016 साली अहवाल दिला. ज्यांचा घराजवळ एखादा ठरलेला छोटा पब होता, त्यांना जवळचे मित्र जास्त होते आणि ते अधिक समाधानी होते. पण यातला कळीचा शब्द ‘ठरलेला’ हा आहे. तीच जागा, तेच चेहरे, मालक नावाने ओळखतो आणि गप्पा ऐकू येतात. रे ओल्डनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1989 च्या पुस्तकात अशा जागांना ‘तिसरी जागा’ म्हटलं. घर पहिली, कामाची जागा दुसरी आणि काहीही न ठरवता जाऊन बसता येईल ती तिसरी. हे काम इराण्याचं हॉटेल करतं, न्हाव्याचं दुकान करतं, देवळाचा पार करतो, तसा कोपऱ्यावरचा बारही करतो. म्हणजे गुण आहे तो जागेचा आणि माणसांचा.

‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली’ ही समजूत जुन्या अभ्यासांतून आली. त्यांत एक गोम होती. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते. साहजिकच तो गट जास्त आजारी दिसला आणि थोडी पिणारे तुलनेने ठणठणीत वाटले. कर्करोगाबाबत मात्र संदिग्धता नाही. दारू कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच जाहीर केलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन अशा किमान सात ठिकाणच्या कर्करोगांशी तिचा संबंध आहे. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची 2023 ची स्पष्ट भूमिका आहे.

गंमत म्हणजे आपल्याकडे कायद्याच्या भाषेत अजूनही दारू हे औषधच आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्यातून ‘परमिट रूम’ हा शब्द आला, आणि महाराष्ट्रात दारू पिण्याचा जो परवाना मिळतो त्यात आरोग्य राखण्यासाठी असंच कारण लिहिलेलं असतं. परवाना खिशात ठेवा, पण त्यावरचं कारण खरं मानू नका.

बाटलीचा हिशेब

‘मी फक्त बिअर घेतो’ हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येतं. जरा आकडे पाहू. तीस मिलिलिटर व्हिस्कीत, म्हणजे एका छोट्या पेगमध्ये, साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 41 ग्रॅम असतं. म्हणजे एक स्ट्राँग बिअर बरोबर चार छोटे पेग. पाच टक्क्यांच्या माइल्ड बिअरची तेवढीच बाटली म्हणजे अडीच पेग.

यकृत ताशी साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल निपटतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. त्यामुळे एका स्ट्राँग बाटलीला चार ते सहा तास लागतात. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती या एका बाटलीत ओलांडली जाते. सारखीच मात्रा घेतली तरी स्त्रियांच्या रक्तात अल्कोहोलची पातळी जास्त चढते, कारण शरीरातलं पाण्याचं प्रमाण कमी असतं.

टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत असावी अशी एक गोष्ट सांगतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या काही गोळ्या घेणारा मित्र उपाशीपोटी प्यायला, तर त्याची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. यकृत अल्कोहोल निपटण्यात गुंतलेलं असतं आणि रक्तात साखर सोडण्याचं काम मागे पडतं. मग घाम येतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. बाकीचे म्हणतात, ‘ह्याला चढली, झोपू द्या.’ तिथेच घात होतो. असं दिसलं तर शुद्धीत असताना साखर किंवा ग्लुकोज द्यावं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून लगेच रुग्णालय गाठावं.

मैदान आणि जत्रा

मग मित्रांना भेटायचं कुठे? मुंबईत दादर-माहीमचंच उदाहरण घ्या. शिवाजी पार्कवर क्रिकेटच्या खेळपट्ट्या शेजारीशेजारी आहेत, मल्लखांब आहे आणि मैदानाभोवती सव्वा किलोमीटरच्या जवळपास लांबीचा कट्टा आहे. त्यावर बसायला बिल येत नाही. पलीकडे माहीमला मखदूम अली माहिमी यांच्या उरुसाची जत्रा डिसेंबरात दहा दिवस भरते. पहिला संदल मुंबई पोलिसांचा असतो. वांद्र्याला सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा. पाळणे, खेळण्यांची दुकानं, माहीमचा हलवा आणि सगळ्या धर्मांची गर्दी. जत्रेत माणूस दोन-तीन तास सहज चालतो आणि त्याला तो व्यायाम वाटत नाही. वर्षभर न भेटलेले चार लोक वाटेत भेटतात, तो फायदा वेगळाच.

खेळाचं तर विज्ञानच मैत्रीच्या बाजूने आहे. कोपनहेगन शहरात हजारो लोकांचा सुमारे 25 वर्षं पाठपुरावा करून 2018 मध्ये निष्कर्ष मांडले गेले. बैठं आयुष्य जगणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचं आयुर्मान 9.7 वर्षांनी, बॅडमिंटनवाल्यांचं 6.2 वर्षांनी, फुटबॉलवाल्यांचं 4.7 वर्षांनी जास्त आढळलं. एकट्याने धावणाऱ्यांचा फायदा 3.2 वर्षं आणि जिममधल्यांचा 1.5. अर्थात टेनिस खेळणारी माणसं मुळातच सुस्थितीतली असू शकतात, त्यामुळे हे आकडे वरदान म्हणून घेऊ नयेत. पण ज्या खेळांना सोबती लागतो ते वर राहिले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. निदान एवढं खरं, की पहाटे साडेसहाला तीन जण टर्फवर वाट पाहत असतील तर माणूस उठतो. ट्रेडमिल कुणाची वाट पाहत नाही.

दोन पथ्यं मात्र पाळा. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम वेगवान गोलंदाजी करू नका. दहा मिनिटं अंग गरम करा. चाळिशीनंतर मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर आधी तपासून घ्या. खेळताना छातीत दाब, जबडा-हात दुखणं किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली, तर ओव्हर पूर्ण करत बसू नका. दुसरं, खेळून घामाघूम झाल्यावर बिअर हे पाणी नव्हे. लघवी रोखून धरणारं संप्रेरक अल्कोहोल दाबतं, त्यामुळे घशाला गार वाटलं तरी शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. आधी पाणी, ताक किंवा लिंबू सरबत, मग जेवण.

आग्रह नावाचा रोग

मराठी माणसाचा आग्रह प्रसिद्ध आहे. पंगतीत जिलबी वाढताना तो गोड वाटतो. ग्लास भरताना तोच आग्रह घातक होतो. ‘आमच्यासाठी एक’, ‘बायकोला घाबरतोस काय’, ‘डॉक्टर स्वतः पितात रे’, ही वाक्यं गमतीत येतात, पण दारू सोडू पाहणाऱ्यासाठी बारचं दार बंद करतात. त्याला वाटतं, दोनच पर्याय आहेत, प्यायचं किंवा यायचंच नाही.

म्हणून मित्रमंडळींना माझं सांगणं आहे. एखादा ‘नको’ म्हणाला की कारण विचारू नका. त्याच्या सोड्यात लिंबू पिळा आणि विषय बदला. महिन्यातल्या चार भेटींपैकी तीन मैदानावर, कट्ट्यावर, नाटकाला किंवा कुणाच्या घरी झुणका-भाकरीवर होऊ द्या. दारू सोडलेल्याला पहिले काही महिने बारमध्ये बोलावूच नका, तुम्ही त्याच्याकडे जा. आणि रोज भरपूर पिणाऱ्या मित्राला ‘उद्यापासून एकदम बंद’ अशी शपथ घालू नका. अचानक थांबल्याने झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

आम्हा डॉक्टरांनाही एक प्रश्न वाढवायला हवा. ‘किती पिता?’ याच्या पाठोपाठ ‘कुणासोबत बसता?’ हे विचारलं पाहिजे. पहिल्या उत्तरातला आकडा कमी करायचा आहे, दुसऱ्यातली नावं टिकवायची आहेत. ‘बंद करा’ एवढंच लिहून दिलेली चिठ्ठी अर्धी असते.

उरलेली जबाबदारी शहराची. मैदानावर पार्किंग आलं, पार पाडून रस्ता रुंद झाला, बागा लवकर बंद झाल्या, की संध्याकाळी उघडी राहते ती फक्त परमिट रूम. तिथे स्त्रियांना मोकळेपणाने बसता येत नाही, पंचाहत्तरीच्या आजोबांना परवडत नाही आणि विशीतल्या मुलांना तिथली सवय लागू नये अशी आपली इच्छा असते. जत्रा, कट्टा आणि मैदान मात्र या सगळ्यांचं असतं. नगरसेवक मत मागायला आले की गटार आणि पाण्याबरोबर मैदानाचंही विचारा. तो आरोग्याचाच प्रश्न आहे.

आणि या आठवड्यात एक करा. जो मित्र ‘पथ्य आहे’ म्हणून यायचा थांबला, त्याला फोन लावा आणि बारऐवजी मैदानाचा पत्ता द्या.