आजीची मांडी आणि कायद्यातला ‘किंवा’

शुक्रवार संध्याकाळ. लॅपटॉप बंद, बॅगा डिकीत, गाडी चेंबूरहून थेट पुण्याच्या रस्त्याला. मागे आई, तिच्या मांडीवर आमची दीड वर्षांची चिऊ. आणि चिऊची कार सीट? ती घरी बाल्कनीत! चांगले साडेसात हजार मोजून घेतलेली, सध्या इस्त्रीचे कपडे ठेवायच्या कामी येते. कारण तिच्यात बसवलं की चिऊ भोकाड पसरते. मग आईचं ठरलेलं वाक्य, ‘‘अरे, तुला नाही का मांडीवरच नेलं सगळीकडे? काही झालं का तुला?’’

ह्यावर काय बोलणार, सांगा!

खालापूर टोलच्या अलीकडे समोरच्या टेम्पोने अचानक लेन बदलली आणि मी ब्रेक दाबला. टक्कर झाली नाही. टोलमुळे गाड्या मंदावल्याच होत्या, वेगही फार नव्हता. पण चिऊ आईच्या हातांतून निसटली आणि तिचं कपाळ पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं. एक टेंगूळ, ओठातून थोडं रक्त, भरपूर रडं. बस्स, तेवढंच. आई मात्र लोणावळ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. नुसती स्वतःच्या हातांकडे बघत बसली होती.

तिच्या हातांचा काय दोष? साधं गणित आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी टक्कर होऊन सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोचं बाळ धरून ठेवायला साधारण १४० किलो पेलण्याइतका जोर लागतो. एवढा जोर जिममधल्या ट्रेनरकडेही नसतो, आजीकडे कुठून येणार!

परत आल्यावर कायदा वाचला. (उशिराच, कबूल.) २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आलं. गाडीतलं १४ वर्षांखालचं मूल सेफ्टी बेल्टने किंवा खास मुलांसाठीच्या सीटने बांधलेलं नसेल, तर १००० रुपये दंड. कोणाला? गाडी चालवणाऱ्याला. म्हणजे त्या संध्याकाळचा आरोपी मी, आई नव्हे.

पण मला अडला तो त्यातला ‘किंवा’. तीन वर्षांच्या पोराला मोठ्यांचा बेल्ट अडकवला, तरी कायदा खूश! पण तो बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाचा. पोराच्या खांद्यावर बसायचा तो गळ्याशी येतो, आणि कमरेच्या हाडावर बसायचा तो पोटावर. ब्रिटनमध्ये म्हणूनच उंचीही मोजतात. मूल १३५ सेंटिमीटरचं किंवा १२ वर्षांचं, जे आधी होईल ते, तोवर त्याला त्याच्या मापाची सीट लागते. आपल्या ‘किंवा’ने दंड वाचेल हो, मान वाचेलच असं नाही.

अगदी तान्ह्या बाळाची सीट तर मागे तोंड करून लावायची असते, कारण डोकं जड आणि मान कच्ची. युरोपच्या नव्या नियमात किमान १५ महिने तशीच. आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ती उलटी सीट कधीच नको. एअरबॅग उघडली की थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

‘आमच्याकडे कारच नाही’ म्हणून सुटलो असं समजू नका. स्कूटरवर पुढे उभं राहून वारा खाणारी पिल्लं रोज दिसतात. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० पेक्षा कमी वेग, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. सिग्नलला उभे राहून मोजा, किती जण पाळतात ते.

पुढच्या शुक्रवारी इस्त्रीचे कपडे पलंगावर गेले आणि सीट गाडीत आली. चिऊने वाशीच्या पुलापर्यंत आकाशपाताळ एक केलं. मी आरशातून सारखा आईकडे बघत होतो. आता म्हणेल, ‘काढ रे तिला’. आईने फक्त स्वतःचं बोट चिऊच्या मुठीत दिलं. कळंबोलीला पोरगी गाढ झोपली.

‘‘आई, तुझा बेल्ट?’’

‘‘अगं बाई, राहिलाच की,’’ म्हणत तिने दुसऱ्या हाताने तो ओढला. बोट काही सोडवून घेतलं नाही.