नुसता वेगवान संगणक पुरत नाही

नवा महासंगणक जगात सर्वात वेगवान ठरल्याच्या बातम्या तुम्ही अधूनमधून वाचत असालच. त्या वेगाचं कौतुक मलाही आहे. पण काही प्रश्न वेगाला दाद देत नाहीत. अशा ठिकाणी यंत्राइतकाच, किंबहुना जास्त, पैसा नव्या गणिताला मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरण घ्या. प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या आत क्वार्क आणि ग्लुऑन असतात. १९७४ साली केनेथ विल्सन यांनी अवकाश-काळाची जाळी आखून त्यांचं गणित संगणकाला पेलेल अशा रूपात मांडलं. जाळीवरच्या शक्य रचना अगणित असतात, पण प्रत्येकीला धन वजन असतं. म्हणून वजनानुसार थोडे नमुने उचलले तरी काम होतं. शितावरून भाताची परीक्षा!

या समीकरणांत आणखी एक पद बसू शकतं: थीटा पद. ग्लुऑन क्षेत्राला पडलेले पीळ ते मोजतं. खांबाभोवतीचे दोराचे वेढे मोजावेत तसे, पूर्णांकातच. थीटा शून्य नसेल, तर न्यूट्रॉनमधले धन आणि ऋण विद्युतभार एकमेकांपासून किंचित सरकलेले दिसायला हवेत. प्रयोगांत ते आजवर दिसलेलं नाही. त्यावरून थीटा साधारण हजार कोटीत एक भागाहूनही लहान असावा. तो इतका लहान का, याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही.

थीटा अगदी लहान असेल तर शून्याजवळून अंदाज बांधता येतो. तो मोठा असताना सिद्धांत कसा वागतो हे तपासायला गेलं, की वजनं संमिश्र संख्या होतात आणि एकमेकांना खोडू लागतात. लाखोंची जमा, लाखोंचा खर्च आणि शिल्लक चार रुपये, अशी ती वही.

आता हिशेब करा. समजा, खोडाखोडीनंतर हजारात एक भाग उरतो. तो नुसता दिसायलाच सुमारे दहा लाख नमुने लागतात. जाळीचं आकारमान दुप्पट केलं तर दहा लाखांत एक भाग उरतो, आणि नमुने लागतात एक लाख कोटी. हजारपट वेगवान संगणक आणलात, तर चार मितींच्या जाळीची बाजू वाढेल जेमतेम दहा टक्क्यांनी.

मग मार्ग कुठे सापडला? १९९५ मध्ये बीटेनहोल्झ, पोचिन्स्की आणि वीझे यांनी दोन मितींतल्या एका साध्या प्रारूपात रचनांचे असे गट पाडले, की खोडाखोड कागदावरच उरकली. संगणकाकडे धन वजनंच उरली. हे प्रारूप निव्वळ खेळणं नव्हतं. चुंबकीय साखळ्यांशी त्याचं नातं हाल्डेन यांनी १९८३ मध्येच दाखवलं होतं.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. वीझे आणि ट्रॉयर यांनीच २००५ मध्ये दाखवलं, की चिन्हांच्या या अडचणीवर सरसकट लागू पडणारा जलद उपाय मिळण्याची आशा जवळजवळ नाही. म्हणजे प्रत्येक सिद्धांताचा कुलूपकिल्लीचा शोध वेगळा. क्वांटम संगणकात ही अडचण मुळातच टाळता येते, हे खरं. पण चार मितींच्या खऱ्या सिद्धांताला पुरेल असं यंत्र अजून दूर आहे.

आपल्यातले बरेच जण संगणकक्षेत्रात आहेत. म्हणून तुम्हाला हे लगेच पटेल: चुकीच्या अल्गोरिदमला कितीही हार्डवेअर कमीच पडतं. यंत्राच्या उद्घाटनाला फीत कापता येते, नव्या कल्पनेसाठी लागणाऱ्या पाच शांत वर्षांना नाही. तरीही ती पाच वर्षं कोणीतरी द्यायला हवीत.