लटका दिवा

एका वाचक भगिनींनीं आम्हांस विचारलें आहे कीं, त्यांच्या मोटारीच्या फलकावरील, पुढची काच धुण्याचें पाणी संपल्याचा दिवा टाकी कांठोकांठ भरली तरी विझत नाहीं, आणि घरांतील कर्ती मंडळी म्हणते, "त्यावर चिकटपट्टी लावून टाका." वडीलधाऱ्यांचा मान राखून आम्हांस असें सांगावेंसें वाटतें कीं, ही चिकटपट्टी लावूं नये.

कारण उघड आहे. पावसाळ्यांत बोरघाट चढतांना पुढील मालमोटारीनें उडविलेला चिखल काचेवर बसला आणि टाकी खरोखरीच रिकामी असली, तर वायपर तो चिखल पुसत नाहीं, पसरवितो. गाडींत आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत सारें घर बसलेलें असतें. शिवाय एका दिव्याकडे डोळेझांक करण्याची संवय जडली म्हणजे तेलाच्या व ब्रेकच्या दिव्याकडेही दुर्लक्ष होऊं लागतें.

ज्यांनीं अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' चाळला असेल, त्यांस ही अडचण परकी वाटणार नाहीं. दिवा पेटला हा हेतु. पाणी संपलें हें साध्य. परंतु दिवा कांहीं पाणी पाहत नाहीं. विजेची वाट जोडलेली आहे कीं तुटलेली, एवढेंच त्यास कळतें. पुष्कळ गाड्यांत टाकीच्या आंत एक लहान तरंगता तुकडा असून त्यांत लोहचुंबक बसविलेला असतो. शेजारच्या दांडींत, कांचेच्या बंद नळींत, लोखंडी जातीच्या दोन बारीक पात्या असतात. चुंबक जवळ आला कीं त्या चिकटतात, दूर गेला कीं सुटतात. बोअरच्या जड पाण्यांतील क्षार किंवा शेवाळ बसून तो तुकडा खालींच अडकला, तर टाकी भरलेली असूनही रिकामेपणाचीच वर्दी जाते.

दुसऱ्या कांहीं गाड्यांत तरंगतें कांहींच नसून पाण्यांत दोन सळ्या असतात व पाण्यांतूनच वीज वाहते. तेथें एक मौज आहे. बॅटरींत घालावयाचें ऊर्ध्वपातित पाणी अतिशुद्ध असल्यामुळें वीज फारशी वाहून नेत नाहीं. तें भरल्यास पाणी असूनही नसल्यासारखें होतें! अशा वेळीं थोडें साधें स्वच्छ पाणी मिसळून पाहावें.

आतां परीक्षेचा क्रम. इंजिन बंद ठेवून सेन्सरचा प्लग काढावा. टोकांवर हिरवट गंज असल्यास पुसून, प्लग पुन्हां बसवून पाहावें. दिवा तसाच राहिल्यास पुढील दोन प्रयोग करावे. मात्र सेन्सरला दोनच तारा असतील तरच. अधिक असल्यास कारागिराकडे जावें. प्रत्येक प्रयोगाचे वेळीं किल्ली फिरवावी, इंजिन सुरू करूं नये, आणि मिनिटभर थांबावें. कारण पुष्कळ गाड्यांत दिवा उशिरानें बदलतो.

प्रथम प्लग काढून ठेवून पाहावें. दिवा विझला, तर तारा निर्दोष असून दोष सेन्सरांत आहे. न विझल्यास, तारेकडील प्लगाचीं दोन टोकें लहानशा तारेनें एकमेकांस जोडावीं. आतां विझला, तरीही दोष सेन्सरांतच. दोन्ही प्रकारीं पेटलेलाच राहिला, तर मात्र दोष तारांत किंवा फलकांत समजावा. यालाच आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक म्हणतात.

सेन्सर दोषी ठरल्यास तो लगेच फेकूं नये. तो बहुधा रबरी कड्यांत बसविलेला असतो. काढतांच टाकींतील पाणी वाहून जाईल, म्हणून खालीं बादली ठेवावी. कोमट पाण्यानें धुवून, तरंगता तुकडा बोटानें वरखालीं सहज सरकतो कीं नाहीं तें पाहावें. एवढ्यानें काम न भागल्यास नवा सेन्सर घ्यावा. "सबंध टाकीच बदला" असें कोणी म्हटल्यास वरील परीक्षा त्याच्याकडून आपल्यासमोर करवून घ्यावी.

दिवा दुरुस्त होईतों दर आठवड्यास, आणि प्रवासाच्या आदल्या दिवशीं न चुकतां, पाणी स्वतः पाहावें व फवारा एकदां उडवून घ्यावा. अनुमान संशयित झालें असतां प्रत्यक्षाचा आश्रय करावा, हेंच शहाणपणाचें.