अ‍ॅनिमेशनमधली रेघ का पुसली जाते?

टीव्हीवर किंवा मोबाइलवर अ‍ॅनिमेशनपट पाहताना एखादे दृश्य मध्येच थांबवून निरखले, तर एक गोष्ट बरेचदा ध्यानात येते. पात्राचा चेहरा, कपडे, मागचे आकाश सगळे जागच्या जागी असते. मात्र भुवईची किंवा कपड्याच्या चुणीची बारीक रेघ पुसट, तुटक झालेली असते आणि तिच्या आजूबाजूला करडे ठिपके वळवळत असतात. इंटरनेट मंद असेल, असे म्हणून प्रेक्षक पुढे जातो. प्रत्यक्षात वेग भरपूर असतानाही हे घडते. त्याचे कारण व्हिडीओ लहान करण्याच्या पद्धतीत आणि त्याहून अधिक, ती पद्धत वापरताना घेतलेल्या निर्णयांत आहे.

व्हिडीओ लहान करण्याला पर्याय नाही. फुल एचडी चित्राच्या एका फ्रेममध्ये २० लाखांहून अधिक पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट आणि सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर दर सेकंदाला सुमारे १५० मेगाबाइट माहिती होते. म्हणजे २२ मिनिटांच्या एका भागाला जवळपास २०० गिगाबाइट लागतील. हाच भाग सेकंदाला ५ मेगाबिट या दराने पाठवला, तर तो साधारण ८२५ मेगाबाइटमध्ये बसतो. सुमारे २४० पटींनी आकार घटवताना काहीतरी टाकावेच लागते. काय टाकायचे, हा खरा प्रश्न.

त्याचे उत्तर ज्या गणिताने दिले, त्याचा जनक बेंगळूरुमध्ये जन्मलेला आहे. अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक नासिर अहमद यांनी १९७२मध्ये तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे या संशोधनासाठी अनुदान मागितले. ते मिळाले नाही. तरीही काम पुढे नेऊन त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ ही पद्धत प्रसिद्ध केली. मोबाइलमधल्या जेपेग छायाचित्रापासून आजच्या बहुतेक व्हिडीओपर्यंत हीच पद्धत किंवा तिची भावंडे वापरात आहेत.

पद्धत अशी. चित्राचे लहान चौकोन पाडायचे. जेपेगमध्ये ते आठ बाय आठ पिक्सेलचे असतात. प्रत्येक चौकोनातील उजेड-अंधाराचे चढउतार ६४ ठरावीक लहरींची बेरीज म्हणून लिहायचे. काही लहरी संथ असतात, काही भराभर वरखाली होणाऱ्या. कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यात, म्हणजे चेहरा, डोंगर, झाडे यांत बहुतेक माहिती संथ लहरींत असते. शीघ्र लहरींमधली चूक डोळ्यालाही फारशी जाणवत नाही. म्हणून त्या ढोबळपणे नोंदवायच्या किंवा सोडून द्यायच्या. पानांच्या सळसळीत थोडा तपशील हरवला, तरी कोणाला कळत नाही.

हाताने काढलेली रेघ मात्र या हिशेबात बसत नाही. सपाट पिवळ्या रंगावरची एक पिक्सेल रुंदीची काळी रेघ म्हणजे उजेडातून एकदम अंधारात आणि पुन्हा उजेडात उडी. ही उडी लिहायला संथ लहरींबरोबर शीघ्र लहरीही लागतात. त्या काढून घेतल्या की रेघ रुंद आणि करडी होते. फुंकर घातलेल्या रांगोळीसारखी ती दोन्ही बाजूंना पसरते. उरलेल्या लहरी एकमेकींना पुरत्या खोडत नाहीत आणि रेघेशेजारी तरंग उमटतात. छायाचित्रात असे तरंग पानांच्या किंवा कापडाच्या पोतात लपतात. अ‍ॅनिमेशनच्या सपाट रंगाला पोतच नसतो, त्यामुळे तिथे ते उघडे पडतात.

रंगाचा मामला आणखी नाजूक. रंगापेक्षा उजेडातला फरक डोळा अधिक बारकाईने टिपतो. त्यामुळे प्रचलित व्हिडीओमध्ये रंगाची माहिती चार पिक्सेल मिळून एकदाच साठवतात. काळ्या रेघेला त्याचा त्रास कमी होतो. पण डिस्नेच्या ‘सिंड्रेला’सारख्या १९५०च्या चित्रपटात रेघा हाताने, रंगीत शाईत काढलेल्या आहेत आणि बऱ्याच ठिकाणी त्या आतल्या रंगाच्या अगदी जवळच्या छटेत आहेत. रेघ आणि रंग यांत उजेडाचा फरकच थोडा असेल, तर आधी रंग चौपट ढोबळ होतो आणि मग उरलेला पुसट फरक ‘नगण्य’ म्हणून गळतो.

त्यात भर पडते ती हालचालीची. व्हिडीओमध्ये प्रत्येक फ्रेम नव्याने साठवत नाहीत. आधीच्या फ्रेमचे तुकडे सरकवून पुढची तयार करतात. धावत्या गाडीला हे छान जमते. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बरेचदा सेकंदाला १२ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकते. दुसरी फ्रेम त्यामुळे जवळजवळ फुकटात मिळते. मात्र पुढचे चित्र हाताने नव्याने काढलेले असते. त्यातली रेघ सरकलेली नसते, बदललेली असते. तिथे अंदाज चुकतो. मग रेघ काही क्षण मऊ राहते आणि पूर्ण साठवलेली फ्रेम आली की एकदम धारदार होते. स्थिर चित्रातही रेघ श्वास घेतल्यासारखी वाटते, ती यामुळेच.

हे तपासणीत का पकडले जात नाही? कारण जुनी आणि अजूनही वापरात असलेली मोजपट्टी सगळ्या पिक्सेलमधल्या चुकीची सरासरी काढते. फुल एचडी चित्रातली एक उभी, एक पिक्सेल रुंदीची रेघ म्हणजे एकूण पिक्सेलच्या सुमारे ०.०५ टक्के. ती संपूर्ण पुसली गेली, तरी सरासरी जेमतेम हलते. पाहणाऱ्याची नजर मात्र नेमकी त्या रेघेवरच असते, कारण पात्राचा भाव तिच्यातच असतो.

यात एक विसंगती दडली आहे. सपाट रंगांमुळे अ‍ॅनिमेशन छायाचित्रणापेक्षा सहज लहान होते. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१५मध्ये प्रत्येक चित्रपटासाठी वेगळा दर ठरवण्याची पद्धत जाहीर केली. तोवर फुल एचडीला सेकंदाला ५८०० किलोबिट असा सरसकट वरचा दर होता. साध्या कार्टूनला त्यापेक्षा बरेच कमी पुरते, हे त्यामागचे एक कारण होते. हिशेब बरोबर आहे. पण सोपे म्हणून कमी द्यायचे आणि त्या कमीतही सरासरीवरच समाधान मानायचे, असे झाले की काटकसरीचा सगळा भार रेघेवर येतो. सपाट रंगांत वाचलेले थोडे बिट रेघांच्या चौकोनांना परत दिले, तरी चित्र सावरते.

त्यासाठीची साधने हाताशी आहेत. एक्स-२६४ या मुक्त प्रणालीत अ‍ॅनिमेशनसाठी वेगळी मांडणी आहे. रंगाची प्रत्येक पातळी आठऐवजी दहा बिटमध्ये लिहिली, तर आकाशातले पट्टे कमी होतात आणि मंद छटांतले फरक टिकतात; हौशी अ‍ॅनिमेप्रेमींनी २०११च्या सुमारासच हा मार्ग धरला होता. २०१८मध्ये आलेल्या एव्ही-१ मध्ये मोजक्याच रंगांच्या चौकोनासाठी लहरींऐवजी रंगांची यादी वापरण्याची सोय आहे. यातली कोणतीही युक्ती सरसकट लागू होत नाही. चौकोनांचे सांधे मऊ करणारी चाळणी जास्त लावली, तर तीच फिकट रेघ खाते. म्हणून शेवटी माणसाने पाहून ठरवावे लागते.

मोठे नुकसान बरेचदा लहान करण्याच्या आधीच होते. जुन्या फिल्मवरचे कण प्रत्येक फ्रेममध्ये बदलतात, त्यामुळे ते साठवणे महाग पडते आणि ‘स्वच्छ’ प्रत काढताना ते पुसले जातात. संगणकाला कण आणि पुसट रेघ यांत फरक करणे अवघड जाते. ‘सिंड्रेला’च्या आधीच्या डिजिटल आवृत्तीत कणांबरोबर बारीक रेघाही गेल्याची तक्रार जाणकारांनी केली होती. २०२३च्या ‘फोर-के’ आवृत्तीसाठी एरिक गोल्डबर्ग या मुरलेल्या अ‍ॅनिमेटरचा सल्ला घेण्यात आला. कुठली रेघ चित्रकाराची आणि कुठला डाग फिल्मचा, हे ओळखायला रेघ काढणारा डोळा लागतो.

हरवलेली रेघ कृत्रिम बुद्धिमत्तेने परत आणता येईल, ही आशा अलीकडे फार बोलली जाते. अशी प्रणाली रेघ शोधत नाही. आजवर पाहिलेल्या हजारो रेघांवरून शोभेलशी नवी काढते. नीटनेटके दिसणारे चित्र खरे असतेच असे नाही, याचा धडा २०१३मध्ये जर्मनीत मिळाला. संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांना आढळले, की झेरॉक्सच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या घराच्या नकाशातील खोल्यांचे आकडेच बदलले होते. जागा वाचवण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकच मानत होते. आकडे सुस्पष्ट होते, फक्त चुकीचे.

भारतासाठी हा प्रश्न दूरचा नाही. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने १९५०च्या दशकात कार्टून विभाग सुरू केला. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ हा १९७४चा लघुपट दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचला. फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आता एनएफडीसीच्या छत्राखाली आहेत आणि जुन्या फिल्मच्या डिजिटल प्रती करण्याचे काम सुरू आहे. प्रेक्षकांपर्यंत जाणारी प्रत लहान असायला हरकत नाही. मूळ प्रत मात्र एकही बिट न गमावता साठवायला हवी. त्यासाठीचे एफएफव्ही-१ हे मुक्त स्वरूप २०२१मध्ये इंटरनेट मानकांच्या दस्तावेजांत नोंदले गेले असून अनेक अभिलेखागारे ते वापरतात. त्याला जागा कित्येक पटींनी जास्त लागते. पण साठवणीची जागा पुढे स्वस्त होऊ शकते आणि उद्याचे कोडेक आजच्यापेक्षा चांगले असतील. एकदा टाकून दिलेली रेघ त्या कोडेकनाही मिळणार नाही.