जीएनएम धुळ्यात, सासर कारेलीबागेत: नर्सची परतीची वाट कुठे अडते?

वडोदऱ्याच्या कारेलीबागेत संसर्गजन्य रोगांचं हॉस्पिटल आहे, मनोरुग्णालय आहे, खासगी दवाखान्यांची तर रांगच आहे. धुळे-जळगावकडे जीएनएम झालेली मुलगी लग्न होऊन इकडे येते, मुलं लहान म्हणून ड्युटी सोडते आणि दहा-बारा वर्षांनी पुन्हा कामाला लागायचं म्हणते. हॉस्पिटलला नर्स हवी असते, तिला काम हवं असतं. तरी गाडी अडते.

घरचे म्हणतात, 'एवढा गॅप पडला, आता कोण घेणार?' पण पहिली अडचण गॅपची नाही, कागदाची आहे. नर्सची नोंदणी राज्याच्या कौन्सिलकडे होते. महाराष्ट्रात शिकलेलीचं नाव मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असतं. गुजरातेत काम करायचं तर गुजरात नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. त्यासाठी मूळ नोंदणी चालू हवी, आणि तिचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. घर सांभाळण्यात दोन मुदती निघून गेल्या की एका राज्यातलं जुनं थकलेलं आणि दुसऱ्या राज्यातलं नवं, अशी दोन्ही कामं एकदम अंगावर येतात.

नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 150 तासांचं निरंतर शिक्षण धरलं जातं. म्हणजे कार्यशाळा, व्याख्यानं, ऑनलाइन वर्ग. तास भरतात, पण वॉर्डातला हात त्यातून परत येतोच असं नाही.

आणि वॉर्ड बदललाय. 2016 आधी सुटलेली नर्स जैव कचऱ्यासाठी काळी पिशवीही शिकली होती. 2016 च्या नियमांनी पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे रंग ठरवले. 2010 पासून सीपीआरचा क्रमही बदलला, आता आधी छाती दाबायची, मग श्वास. नोंदी कॉम्प्युटरवर गेल्या. यात न जमण्यासारखं काहीच नाही. काही आठवडे सिनियर सिस्टरच्या हाताखाली काढले तर जमतं. पण ते आठवडे देणार कोण?

ब्रिटनमध्ये नोंदणी टिकवायला तीन वर्षांत 450 तासांचं प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं. नोंदणी सुटलीच तर परतणाऱ्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम किंवा परीक्षा आहे. नियम कडक आहे, पण दारही ठेवलंय. आपल्याकडे परतणारीने आपली वाट आपणच शोधायची.

मग होतं काय? कागद अपुरे, आत्मविश्वास कमी, म्हणून बाई छोट्या दवाखान्यात 'मदतनीस' म्हणून लागते. काम नर्सचं, पगार आयाचा. इंजेक्शन देताना काही चुकलं तर मागे नोंदणीही नाही. यात तिचं नुकसान आहेच, पेशंटचाही धोका आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात 58 लाख नर्स कमी आहेत. भारतात नोंदणीकृत नर्सिंग कर्मचाऱ्यांची संख्या 33 लाखांच्या वर सांगितली जाते, पण नोंदणी असलेली प्रत्येक जण ड्युटीवर असते असं नाही. नवी कॉलेजं काढायची चर्चा होते. शिकून घरी बसलेल्यांची मात्र होत नाही.

पाळणाघराचंही तसंच. 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झालं. गल्लीतलं वीस माणसांचं नर्सिंग होम त्यात येत नाही, आणि नाइट ड्युटी तर तिथेही असते.

सुधारणेची सुरुवात झाली आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या देशव्यापी नोंदवहीत नर्सला एकच क्रमांक, एनयूआयडी, मिळतो. 2023 च्या नव्या नर्सिंग कायद्यातही राष्ट्रीय नोंदवही आहे. नुसत्या क्रमांकाने भागणार नाही. एका राज्याची नोंदणी दुसऱ्या राज्यात ठरलेल्या दिवसांत मिळाली पाहिजे, आणि सरकारी हॉस्पिटलांत परतणाऱ्यांसाठी मानधनासह उजळणी हवी.

तोवर लहान मुलं घरी असलेल्या सिस्टरांनी एक गोष्ट जपावी: ड्युटी सुटली तरी नोंदणीची तारीख चुकवू नये. चालू नोंदणी असेल तर सीमा ओलांडणं निम्मं सोपं होतं.