पायवाट कोणाची?

खेड्यातील पायवाट ही आपोआप पडलेली, आणि म्हणून कोणाचीच नसलेली वस्तू आहे, असा समज आम्हां शहरी सुशिक्षितांत दृढ झालेला दिसतो. पुणे जिल्ह्यातील मावळ व मुळशी तालुक्यांत आमच्याच वर्गातील पुष्कळांनी जमिनी घेऊन बंगले बांधले आहेत. त्यांच्या कुंपणांकडे पाहिले म्हणजे या समजाचे फळ डोळ्यांस दिसते. वरच्या वाडीतून गावात उतरणारी वाट तारेपाशी येऊन अडते. पलीकडे हिरवळ, झोपाळा, आणि ‘खाजगी मालमत्ता’ अशी पाटी!

या पाटीविषयीच आमची तक्रार आहे. जमीन घेताना सातबारा उतारा सर्वांनीच पाहिला असेल. पण त्यातील ‘पोटखराबा’ या सदराशी किती जण थांबले? या सदराचे दोन वर्ग आहेत. लागवडीस नालायक जमीन ‘अ’ वर्गात पडते. ‘ब’ वर्गात मात्र सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन, रस्ता, मान्य पायवाट, लोकांच्या उपयोगाचा ओढा, स्मशानभूमी यांचा समावेश होतो, व तिजवर सारा बसत नाही. गावनकाशातही पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखविलेली असते. ज्या पट्टीचा सारा आपण भरीत नाही आणि जी नकाशात वाट म्हणून नोंदली आहे, ती केवळ आपल्या तारेच्या आत आली म्हणून आपली कशी होते?

यावर उत्तर ठरलेले असते: “आता पायी चालतो कोण? घरोघर मोटारसायकली झाल्या.” हे उत्तर डांबरी सडकेवरून दिसणाऱ्या खेड्याचे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील पुष्कळ धनगरवाड्यांना आणि कातकरी वस्त्यांना आजही सडक नाही. तेथून बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस झोळीत घालूनच खाली आणावा लागतो. तार ओढताना कोपऱ्यात हातभर फट ठेवली म्हणजे आपले औदार्य झाले, असे मालकांस वाटते. त्या फटीतून पाठीवर पिशवी अडकवून गड पाहावयास निघालेला तरुण तिरपा होऊन सुटतो. (आम्हीही तसेच सुटलो आहोत, आणि पलीकडे गेल्यावर मागे वळून पाहिले नाही, हे कबूल केले पाहिजे.) पण झोळी तिरपी होत नाही, डोकीवर भारा असलेली बाई किंवा काठी टेकीत येणारा म्हातारा त्या फटीतून जाऊ शकत नाही. वाट मोकळी आहे की नाही, याची परीक्षा धडधाकट माणसाच्या पायांनी करणे हीच मुळात लबाडी आहे.

कायदा आहे, असे सांगितले जाते. आहे खरा. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे 143 वे कलम शेजाऱ्याच्या बांधावरून वाट मिळवून देते, आणि 1906 चा मामलतदार न्यायालय अधिनियम वाटेतील अडथळा दूर करवितो. परंतु या दोन्ही तरतुदींचा रोख स्वतःच्या शेतात जाऊ पाहणाऱ्याकडे आहे. ज्याला शेतच नाही, ज्याला फक्त दवाखान्यात किंवा शाळेत पोचावयाचे आहे, त्याने काय करावे? शिवाय मामलतदारापुढील दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. वाडीतील माणसे तोपर्यंत दुसरीकडून, काट्यांतून, नवी वाट पाडून मोकळी होतात. आणि मग “पूर्वीची वाट वापरात नाही” असे म्हणावयास मालक मोकळा!

इंग्लंडात जमीनदारांचे वर्चस्व आमच्याहून कमी नव्हते. 1932 साली किंडर स्काउटच्या माळावर घुसलेल्या पायी फिरणाऱ्यांपैकी काहींना तुरुंगात जावे लागले. तथापि 1949 च्या कायद्याने तेथील कौंटी कौन्सिलांवर पायवाटांचे नकाशे करण्याची सक्ती झाली, आणि त्या नकाशात आलेली वाट कायद्याने निर्णायक पुरावा ठरली. आमच्याकडे नकाशा आधीच आहे. तो तलाठ्याच्या कपाटातून काढून, मोजणी करून, जेथे वाट तारेखाली गेली असेल तेथे झोळी घेऊन चौघे जातील एवढे फाटक मालकाच्या खर्चाने बसवावयास लावणे, एवढेच काम उरले आहे. त्यासाठी वाडीने अर्ज करण्याची वाट पाहू नये; ग्रामपंचायतीने आणि तहसीलदाराने ते आपण होऊन करावे.

काही सज्जनांनी फाटके बसविली आहेत, हे आम्ही पाहिले आहे. पण त्यांना कुलुपे आहेत, आणि चावी पुण्यास असते.